प्रेशर ड्रेसिंग: बरेच महिने हाताळल्यावर किटमध्ये काय ठेवलं, काय काढलं

रक्तस्राव थांबवण्याचं किट म्हटलं की चर्चा टूर्निकेटवर, म्हणजे हातापायाला आवळून रक्तप्रवाह रोखणाऱ्या पट्ट्यावर, सुरू होते आणि तिथेच संपते. टूर्निकेट हवंच, त्यात वाद नाही. पण ते फक्त हातापायाला चालतं, आणि हातापायाच्याही कितीतरी जखमा नीट दाब दिला की आटोक्यात येतात. त्या जखमांसाठी असतं प्रेशर ड्रेसिंग, आणि खरेदी करताना सगळ्यात कमी विचार त्याचाच होतो. आमच्याकडे काच आणि पत्रा कापण्याचं काम चालतं. वर्कशॉपमधली भिंतीवरची किटं आणि गाड्यांमधली किटं भरून ठेवायची जबाबदारी माझ्याकडे आहे. त्यामुळे वेगवेगळ्या प्रकारची ड्रेसिंग्ज मागवली, सराव करताना सगळ्यांच्या हातात दिली आणि एकदा खऱ्या जखमेवर बांधायचीही वेळ आली. त्यावरून बनलेलं मत इथे लिहितो आहे.

बाजारात मिळणारे प्रकार वरवर सारखेच दिसतात: जाड निर्जंतुक पॅड, त्याला शिवलेली ताणली जाणारी लांब पट्टी आणि शेवट अडकवायला काहीतरी. फरक असतो तो दाब कशाने पडतो यात. सर्वात ओळखीचं म्हणजे इस्रायली बँडेज. बर्नार्ड बार-नातान या इस्रायली लष्करातल्या वैद्यकीय सहायकाने ते बनवलं. त्याच्या पॅडवर प्लास्टिकचा एक आकडा असतो. पट्टीचा एक वेढा घेऊन ती त्या आकड्यात अडकवायची आणि उलट दिशेने ओढायची, म्हणजे आकडा नेमका जखमेवर दाबला जातो. दुसऱ्या एका प्रकारात इंग्रजी एच अक्षरासारखा तुकडा असतो आणि पट्टी त्याच्याभोवती फिरवायची. काहींमध्ये पॅडवर वाटीसारखा फुगीर भाग असतो, तो दाब एका जागी आणतो. ओलेस नावाच्या ड्रेसिंगमध्ये पॅडच्या आत गॉजची (जाळीदार सुती कापडाची) लांब पट्टीही घडी करून ठेवलेली असते, ती काढून जखमेत भरता येते. आणि काही अगदी साधी, चपटी असतात: पॅड, पट्टी, शेवटी हूक. त्यांच्यात दाब फक्त तुमच्या ओढण्यातून येतो.

कागदावर आकडेवालं सगळ्यात हुशार वाटतं, आणि ज्याने ते दहा वेळा बांधलंय त्याच्या हातात ते खरोखर उत्तम काम करतं. पण आमच्या सरावात नवख्या माणसाचं नेहमी एकाच ठिकाणी अडायचं. पट्टी आकड्यात घातली जायची, पण दिशा उलटायची राहून जायची. मग पट्टी आकड्यावरून नुसती गुंडाळली जाते, बाहेरून बांधणी नीटनेटकी दिसते आणि आत दाब जवळपास शून्य. धोका तिथे आहे. विस्कटलेली बांधणी निदान बघणाऱ्याच्या लक्षात येते.

दुसरी अडचण आधी कुणाच्या डोक्यातच आली नव्हती: पट्टीचा रोल हातातून सुटणं. ओले, तेलकट हातमोजे घालून बांधायला घेतलं की रोल निसटतो, उलगडत जमिनीवर जातो आणि धुळीने माखतो. काही ड्रेसिंग्जमध्ये पट्टीवर ठरावीक अंतरावर वेल्क्रोचे छोटे टाके असतात, त्यामुळे रोल सुटला तरी थोडासाच उलगडतो. ही सोय जाहिरातीत कुठेतरी खालच्या ओळीत लिहिलेली असते. माझ्या लेखी ती पहिल्या ओळीतली आहे. एका हाताने स्वतःच्याच दंडावर बांधून बघा, लगेच पटेल.

आता ती खरी जखम. एका सहकाऱ्याच्या कोपराखाली काचेच्या कडेने लांब चीर पडली. रक्त उसळत नव्हतं, पण सतत आणि भरपूर वाहत होतं. आधी हातानेच घट्ट दाब, मग गॉज जखमेच्या तळापर्यंत बोटाने सरकवत भरला, पुन्हा दाब आणि त्यावर ड्रेसिंग. बांधून झाल्यावर मनगटाच्या बाजूने पॅडच्या कडेखालून एक बारीक ओघळ आला. कोपराखालचा हात मनगटाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे सरळ वेढे घेतले की खालची कड सैल राहते. पुढचे वेढे तिरके, पॅडच्या दोन्ही कडा झाकत घेतले आणि ओघळ थांबला. मग नख दाबून सोडलं आणि रंग परत येतोय का पाहिलं. साधारण 2 सेकंदांत आला, म्हणजे बांधणी पुढचं रक्त तोडत नव्हती. बोटं थंड पडली, निळसर झाली किंवा मुंग्या येऊ लागल्या तर वेढे थोडे सैल करायचे. हे रुग्णालयात पोहोचेपर्यंत अधूनमधून बघत राहावं लागतं.

यातून एक गोष्ट पक्की झाली: ड्रेसिंग एकटं पुरत नाही. खोल जखमेत रक्त आत कुठूनतरी येत असतं, आणि वरच्या कातडीवर कितीही ओढून बांधलं तरी दाब तिथवर पोहोचेलच असं नाही. गॉज आत भरून त्यावर पॅड बसवला की दाब खाली उतरतो. 2015 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ‘स्टॉप द ब्लीड’ मोहिमेत सामान्य माणसाला हेच शिकवतात: दाबा, भरा, आणि हातापायावरचा रक्तस्राव त्यानेही थांबत नसेल तर टूर्निकेट. रक्त उसळत असेल किंवा जमिनीवर साचत असेल तर हातापायाला पहिल्यांदा टूर्निकेटच लावायचं: जखमेच्या 2 ते 3 इंच वर, सांध्यावर कधीच नाही, आणि लावल्याची वेळ लिहून ठेवायची. मानेभोवती पट्टीचा वेढा द्यायचा नाही. छातीच्या आणि पोटाच्या जखमेत गॉज भरायचा नाही. जांघ आणि काख इथे टूर्निकेट बसत नाही, तिथे गॉज भरून हाताने नेट लावून दाबत राहणं हाच मार्ग. या जागांबद्दल किटमध्ये लहान कार्ड ठेवलं आहे, कारण घाईत हे आठवेलच असं नाही.

रक्त गोठायला मदत करणारा गॉज ठेवायचा की साधा, हा प्रश्नही येतो. अशा गॉजमध्ये केओलिन किंवा कायटोसान असतं. केओलिनचा गॉज जखमेत भरून निदान 3 मिनिटं न सोडता दाबून धरायचा. उपयोगाचा आहे, महागही आहे. भिंतीवरच्या मोठ्या किटमध्ये एक ठेवला आहे, बाकी सगळीकडे दाबून पॅक केलेला साधा गॉज. नीट भरला आणि जास्त वेळ दाबला तर तोही काम करतो. एक महागडं पाकीट ठेवून बाकी किटं रिकामी ठेवण्यापेक्षा साधा गॉज दुप्पट ठेवणं मला केव्हाही पसंत.

आकाराबद्दल माझं मत ठाम आहे: 6 इंची. मांडीवर 4 इंची पट्टी बांधायला घेतली की लांबी संपत येते आणि पॅड जखमेच्या दोन्ही बाजूंना पुरत नाही. उलट 6 इंची पॅड हातावर जरा मोठा वाटतो, पण चालून जातो. 4 इंची फक्त खिशात राहणाऱ्या लहान किटसाठी.

आणि सगळ्या किटमध्ये एकाच बनावटीचं ड्रेसिंग ठेवा. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. कुणाला आकडेवालं आवडलं, कुणाला वाटीवालं. शेवटी वाटी आणि वेल्क्रोचे टाके असलेलं एक निवडलं आणि बाकी सगळी सरावाच्या पेटीत टाकली. भिंतीवर एक, गाडीत दुसरं, खिशात तिसरं असं असलं की प्रसंगी माणूस पाकीट फोडून आधी बघत बसतो की हे बांधायचं कसं. यात नव्वद टक्के चांगलं पण सगळ्यांना सरावाचं असलेलं ड्रेसिंग, शंभर टक्के चांगल्या पण अनोळखी ड्रेसिंगवर मात करतं.

पुन्हा भरण्याचं काम निवडीपेक्षा जास्त वेळ खातं, आणि किट फसतात ती इथेच. पाकिटावरची चिन्हं वाचायला शिका. वाळूच्या घड्याळाचं चिन्ह म्हणजे मुदत संपण्याची तारीख. कारखान्याचं चिन्ह म्हणजे उत्पादनाची तारीख. या दोन तारखांत गल्लत करणारे मी बरेच पाहिले, आणि त्यातून चांगला माल फेकला जातो किंवा जुना माल किटमध्ये राहतो. 2 या अंकावर काट मारलेली असेल तर एकदाच वापरायचं. मुदतीत फक्त वर्ष आणि महिना असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. फाटलेल्या खोक्यावर काट म्हणजे पाकीट फाटलं असेल तर वापरू नका. लॉट नंबरही असायलाच हवा. एका विक्रेत्याकडून आलेल्या मालावर तो पुसट होता आणि काही पाकिटांतली हवाबंदी गेलेली होती. तो सगळा परत पाठवला.

हवाबंदी तपासायला नजर पुरत नाही, हाताने दाबून बघावं लागतं. चांगलं पाकीट विटेसारखं कडक लागतं. आत हवा शिरली की ते मऊ पडतं, घड्या हलतात. आमच्या किटमध्ये पाकिटं मऊ पडण्याचं कारण शोधलं तेव्हा ते निघालं कपडे कापायच्या कात्रीचं टोक. ती पाकिटांना चिकटून ठेवली जायची आणि किट हलवलं की कोपऱ्यावर घासायची. आता कात्री तिच्या म्यानात, किटच्या बाहेरच्या कप्प्यात असते. मऊ पडलेलं पाकीट निर्जंतुक राहिलं नाही असंच धरायचं.

गाडीतल्या किटकडे वेगळं लक्ष द्या. उन्हात बंद गाडी खूप तापते, आणि उष्णतेने पट्टीतला ताण तसाच छातीच्या जखमेवर चिकटवायच्या सीलचा चिकटपणाही कमी होतो. साठवणुकीच्या तापमानाची मर्यादा पाकिटावर थर्मामीटरच्या चिन्हाने छापलेली असते. म्हणून गाडीतला साठा मुदतीची वाट न पाहता मी आधीच बदलतो.

सगळा साठा एकाच वेळी घेऊ नका, नाहीतर सगळ्याची मुदत एकाच वेळी संपते. निम्मा आधी, निम्मा काही महिन्यांनी. प्रत्येक किटला तोडायचं प्लास्टिकचं सील लावलं आहे, आणि सीलला अडकवलेल्या पट्टीवर आतल्या सगळ्यात आधी संपणाऱ्या वस्तूची तारीख लिहिली आहे. सील शाबूत असेल तर तारीख आणि पाकिटाचा कडकपणा बाहेरूनच तपासता येतो; तुटलेलं असेल तर पूर्ण किट उघडायचं.

ड्रेसिंग, गॉजची दोन पाकिटं आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या असा एक संच एका पारदर्शक पिशवीत बांधून ठेवा. एका जखमेला हे सगळं एकदमच लागतं, आणि वापरल्यावर पिशवीला पिशवी बदलली की काम संपतं. हातमोजे वेगळे ठेवले की ते रंगकामाला किंवा साफसफाईला निघून जातात, हे तर सगळीकडे होतं. मुदत संपलेली ड्रेसिंग्ज लाल मार्करने ‘सराव’ लिहून वेगळ्या पेटीत जातात. ती पुन्हा खऱ्या किटमध्ये यायला वाव नाही. मात्र सरावाची पट्टी अनेकदा ताणली की सैल पडते आणि शिकणाऱ्याला चुकीचा अंदाज येतो, म्हणून तीही अधूनमधून बदलावी.

निवडलेल्या ड्रेसिंगबद्दल माझी एक तक्रार अजून आहे. पाकीट फाडायची खाच हातमोजे घालून आणि कमी उजेडात सापडत नाही. आम्ही खाचेजवळ रंगीत टेपचा छोटा तुकडा चिकटवतो, हवाबंदीला धक्का न लागेल अशा कडेवर. कंपन्यांनी खाच मोठी आणि ठळक रंगाची केली तर ही कसरत करावीच लागणार नाही, आणि पुढची खरेदी करताना मी आधी तेच बघणार आहे.