पाइपगॅसचे दर: घर, हॉटेल आणि वाळूजचा कारखाना

छत्रपती संभाजीनगरात पाइपगॅस घ्यावा का? घरासाठी बहुतेक वेळा हो, हॉटेलसाठी हिशेब करून, कारखान्यासाठी करार वाचून. नळी एकच असली तरी प्रत्येक गटासाठीची गॅसखरेदी वेगळी असते.

घरगुती ग्राहकासाठी नियंत्रित दराचा देशी गॅस राखीव असतो. एप्रिल २०२५ मध्ये त्याची कमाल किंमत एमएमबीटीयूला (गॅसमधली उष्णता मोजायचं एकक) ६.७५ डॉलर झाली. एका एमएमबीटीयूत साधारण २७ घनमीटर गॅस, म्हणजे डॉलर ८५ रुपये धरला तर घनमीटरला सुमारे २१ रुपये. त्यावर वाहतूक, जाळ्याचा खर्च आणि व्हॅट. हा व्हॅट महाराष्ट्राने २०२२ मध्ये १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणला. खरेदी आणि बिलातला फरक डोळ्यांत भरतो, पण घर महिन्याला जाळतं जेमतेम १०-१५ घनमीटर. नळी, मीटर, रीडिंग सगळं त्यातूनच भागवायचं, म्हणून इथे कंपनी लुटते असं म्हणता येत नाही.

तुमचा हिशेब सोपा आहे. १४.२ किलोचं सिलिंडर म्हणजे जवळपास १८ घनमीटर. सिलिंडरच्या भावाला १८ ने भागा. पाइपगॅसचा दर त्याखाली असेल तरच बचत. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक छिद्रं, मात्र बदलून घ्याच. पाइपगॅस २१ मिलिबार दाबाने येतो, सिलिंडरचा ३० च्या आसपास. जुन्या जेटवर ज्योत मंदच राहणार.

हॉटेलवाल्यांनी १९ किलोच्या सिलिंडरला २४ ने भागावं, १८ टक्के जीएसटी धरूनच. बिलावर ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला सिलिंडरवरच्या जीएसटीची वजावट मिळत नाही. कारखान्याला मिळते, म्हणून त्याने करापूर्वीचा भाव धरावा. पाइपमधून येणारा नैसर्गिक गॅस मात्र जीएसटीबाहेर आहे, त्यावरचा व्हॅट कारखान्याच्या जीएसटीत वळता होत नाही. वाळूज-शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतींत तुलना चुकते ती इथेच.

सीएनजीची स्पर्धा पेट्रोलशी असल्याने कंपनीला दर ठरवायला मोकळीक असते. पण त्यावर १४ टक्के उत्पादन शुल्क आहे आणि २०२४ च्या अखेरीस सीएनजीसाठीच्या स्वस्त देशी गॅसचा वाटाही कापला गेला.

उद्योगांना बहुतांशी आयात केलेला गॅस मिळतो. त्याचा भाव ब्रेंट या कच्च्या तेलाच्या किंवा अमेरिकेतल्या हेन्री हब या गॅसबाजाराच्या भावाशी बांधलेला. बॉयलरवाला उद्या फर्नेस ऑइलकडे किंवा ब्रिकेटकडे (शेतकचऱ्याचे जळाऊ ठोकळे) वळू शकतो, म्हणून कंपनी युनिटमागे कमी नफा घेते आणि जोखीम करारातल्या किमान उचलीच्या कलमात टाकते. दिवाळीच्या शटडाउनमध्ये न जाळलेल्या गॅसचेही पैसे त्यातूनच लागतात. गेल्या १२ महिन्यांतला सर्वात कमी वापराचा महिना काढा आणि त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त किमान उचलीवर सही करू नका, त्याखालीच राहा.