पगारवाढ: कायम होतानाच मागावी की एप्रिलच्या वार्षिक वाढीपर्यंत थांबावं?

समजा, वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीतली (औद्योगिक वसाहतीतली) नोकरी, पगार 20,500, सहा महिन्यांचं प्रोबेशन 31 ऑक्टोबरला संपतंय.

आत्ताच मागितले आणि 2,000 वाढले, तर मार्चपर्यंत पाच महिन्यांचे 10,000 होतात. मात्र बोलायचं ते कायम झाल्याचं पत्र निघण्याच्या पंधरा दिवस आधी. पत्रावर जुना आकडा छापून सही झाली की ‘आता एप्रिलमध्ये बघू’ म्हणायला एचआर मोकळं. सोबत एक पान न्या: रुजू होताना ठरलेलं काम आणि आज अंगावर असलेलं काम. ‘खूप मेहनत केली’ याला किंमत नाही. ‘डिस्पॅचची रोजची 40 बिलं एकट्याने काढतो’ याला आहे. दिवाळी बोनसचा आठवडा टाळा, तेव्हा शेठचा हात आखडलेलाच असतो.

एप्रिलला तोंड उघडावं लागत नाही, एवढंच सुख. काही ठिकाणी वाढ कायम झाल्यापासूनच्या महिन्यांवर मोजतात. मग 8 टक्क्यांचे 1,640 न मिळता पाच महिन्यांपुरते 683 हातावर पडतात. त्यामुळे आत्ता मागणंच बरं. फक्त ‘एप्रिलची वाढ वेगळी’ हे लिहून घ्या, नाहीतर दोन्ही एकात गुंडाळतात.

ईएसआय म्हणजे पगारातून कापला जाणारा कामगार राज्य विमा; त्याची पगारमर्यादा 21,000. नोव्हेंबरात पगार 22,500 झाला तरी 31 मार्चपर्यंत 0.75 टक्के, म्हणजे 169 रुपये कापले जाणारच. ती चूक नव्हे. दवाखान्याची सोयही चालू राहते.