फायर पिटभोवती आर्टिफिशियल टर्फ, बेळगावच्या पावसात कसं काय चाललं ते सांगतो

आधी निकाल सांगतो. टर्फ म्हणजे प्लास्टिकचं नकली गवत, फायर पिट म्हणजे शेकोटीचा बांधलेला खड्डा. टर्फ चांगलं आहे, पैसे वाया गेले नाहीत, पण अंगणातलं पाणी हटलं ते टर्फच्या खाली जे काम झालं त्यामुळं. हे मुद्दाम लिहायलोय कारण आता बेळगावात बंगल्यामागं, जांबोटी-खानापूर साइडच्या होमस्टेत, फार्महाऊसवर सगळीकडं फायर पिट आणि भोवती हिरवंगार टर्फ असं चाललंय आणि विकणारे "टर्फ टाका, चिखल बंद" एवढंच सांगून मोकळे होतात.

आमचं घर कंग्राळीकडं, परसात तांबडी चिक्कण माती. बाबांनी शेकोटीसाठी मध्ये गोल खड्डा बांधून घेतलाय, थंडीत रात्री सगळे तिथंच बसतात, शेजारचे काका-मावशी पण येतात, हुरडा असला तर मग विचारूच नका. पण मिरग लागला की तोच खड्डा सगळ्यात खोल असल्यानं छपराच्या पन्हाळीचं पाणी, गेटकडचं पाणी, सगळं तिथं गोळा व्हायचं आणि राख मिसळून काळा रबडा, वरून डास. लोकांना अंदाज नसतो म्हणून हिशोब देतो, 1 मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर 1 लिटर पाणी, म्हणजे 100 चौरस मीटर छपरावर एका दिवसात 50 मिमी पडला तर 5000 लिटर, आणि आपल्याकडं जुलैत असे दिवस येतातच, कणकुंबीकडं तर विचारूच नका. एवढं पाणी एका पाइपातून अंगणात सोडलं तर टर्फच्या पाठीला पाणी जायला जी बारीक भोकं असतात ती काय करणार?

काम उद्यमबाग साइडच्या एका डीलरला दिलं. त्याचा सेल्सवाला आला तो डायरेक्ट कॅटलॉग उघडून 25 मिमी, 35 मिमी, 40 मिमी उंचीच्या पात्याचं टर्फ दाखवायला लागला. गवंडी मामा मात्र माणूस सोन्यासारखा, त्यांनी टर्फला हातच लावला नाही, म्हणाले "पाणी कुठनं येऊलालंय आनि कुठं जाऊलालंय ते आदी बघूया की." एक फूटभर खड्डा काढून पाणी ओतून ठेवलं, संध्याकाळपर्यंत निम्मं पण मुरलं नाही. मग पहिलं काम केलं ते पन्हाळीचा पाइप सरळ मागच्या शोषखड्ड्याला जोडला. माझ्या मते निम्मा प्रॉब्लेम तिथंच सुटला.

त्यानंतर वरची माती उकरून खड्ड्यापासून बाहेरच्या बाजूला उतार दिला, मीटरला साधारण दीड सेंटीमीटर, डोळ्याला दिसत नाही पण पाण्याला कळतो. कडेनं चर खणून त्यात भोकांचा पाइप, पाइपाला जिओटेक्स्टाइल कापड गुंडाळलं म्हणजे माती आत शिरत नाही, आणि वर 20 मिमीची खडी. टर्फच्या खाली चार इंच खडी दाबून बसवली. इथं एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, बरेच जण खडीच्या जागी नुसती क्रशर डस्ट, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, दाबतात, स्वस्त पडते आणि लेव्हल पटकन येते, पण बारीक डस्ट पावसात बसून घट्ट होते आणि पाणी वरच थांबतं, मग टर्फला कुबट वास आणि कडेला शेवाळ. डस्ट वरून पातळ थर एवढीच.

आता आगीचं. टर्फ म्हणजे शेवटी प्लास्टिकच, पॉलिइथिलीनचं असतं, साधारण 110 ते 130 डिग्रीला वितळतं, आणि लाकडाची ठिणगी त्याच्या कितीतरी वर तापलेली असते. म्हणून खड्ड्याच्या काठापर्यंत टर्फ आणून सोडणारा कॉन्ट्रॅक्टर असला तर त्याला काम देऊ नका, फोटोत छान दिसतं म्हणून लोक करतात आणि पहिल्याच थंडीत काळे भोक भोक. आम्ही खड्ड्याभोवती पाच फूट काळ्या दगडाचा पट्टा ठेवला, दगडांच्या फटीत सिमेंट न भरता बारीक खडी भरली, त्यामुळं तिथलंही पाणी खाली जातं. तरी वारं असलं की ठिणगी लांब उडते म्हणून वर लोखंडी जाळी ठेवतो. खड्ड्याच्या तळाला भोक आणि खडीचा थर, आतनं भट्टीच्या विटा, त्या बेळगावात मिळायला अडचण नाही, इतक्या फाउंड्र्या आहेत. नदीतले गोल गोटे मात्र आत घालू नका, त्यात पाणी मुरलेलं असतं, तापले की वाफ होऊन फुटतात आणि तुकडा कुणाच्या डोळ्यात गेला तर काय करणार. पोरं जवळ बसलेली असतात.

यंदाचा पावसाळा संपत आला, खड्ड्यात पाणी थांबलं नाही, पाऊस उघडला की थोड्या वेळात आई चप्पल न घालता तुळशीपर्यंत जाते, ह्याचा मला खरंच लई आनंद आहे.

तक्रारी आहेत. उन्हाच्या दुपारी टर्फ चटके देतं, पाणी मारावं लागतं. आणि टर्फच्या दोन पट्ट्या जोडायचं, जॉइंटचं काम घाईत केलं, वळवाचा पाऊस येऊन गेलेला, खालची टेप ओलसर असतानाच गोंद लावला, त्यामुळं गेटकडच्या बाजूचा जॉइंट सुटलाय. गोंद कोरड्या हवेतच नीट धरतो, म्हणजे काम मार्चपर्यंत उरकायला पाहिजे होतं, डीलरनं ते सांगायला हवं होतं. फोन उचलतो, बोलतो गोड, पण माणूस पाठवायला लई वेळ लावतो.

तुम्ही कोटेशन घेताना टर्फचा स्क्वेअर फुटाचा रेट आणि बेसचा, म्हणजे खालच्या कामाचा, रेट वेगळा लिहून घ्या, खडी किती इंच, पाइप कुठनं कुठं, सगळं कागदावर. गवंडी मामांच्या कामाला पाचपैकी पाच, टर्फला चार, डीलरच्या सर्व्हिसला दोन. जॉइंट आता पाऊस पूर्ण थांबल्यावर करून देतो म्हणालाय, शेवटचा हप्ता तोपर्यंत दिलेला नाही.