कर्जाआधीच व्याज मागणारा लेंडर

अमेरिकेत जुनी घरं घेऊन, दुरुस्त करून विकण्याच्या धंद्यात नव्याने उतरणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

क्लीव्हलँडमध्ये आम्हा नवरा-बायकोला एक पडीक घर स्वस्तात मिळत होतं. अशा घरावर बँक सहसा कर्ज देत नाही, म्हणून हार्ड मनी लोन, म्हणजे खासगी लेंडरने घर तारण ठेवून दिलेलं थोड्या मुदतीचं कर्ज. व्याज १०-१२ टक्के, वर दोन-तीन पॉइंट (एक पॉइंट म्हणजे कर्जाच्या एक टक्का फी), मुदत साधारण वर्षभराची, पण पैसा झटपट. पहिलाच प्रोजेक्ट म्हटल्यावर दोन लेंडरनी २० टक्के स्वतःचे घाला म्हणून सांगितलं. तिसरा गोड बोलला: अनुभव नसला तरी चालेल, क्रेडिट स्कोअर बघत नाही, दुरुस्तीसकट १०० टक्के देतो. लगेच टर्म शीट, म्हणजे कर्जाच्या अटींचा कागद, आलं. दीड लाख डॉलर, १२ टक्क्यांनी.

आधी त्याने ९९५ डॉलर अंडररायटिंग (कर्जाचा अर्ज तपासण्याची) फी घेतली. क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण व्हायचा दिवस, तोंडावर आल्यावर फोन आला, "तुम्ही नवे आहात, कमिटीला खात्री हवी. सहा महिन्यांचं व्याज रिझर्व्ह म्हणून भरा." म्हणजे ९,००० डॉलर, तेही वायरने (थेट बँक ट्रान्सफर). मेख इथेच आहे. इंटरेस्ट रिझर्व्ह हा प्रकार खराखुरा असतो, त्यामुळे विचारलं तरी लोक 'हो, असतं तसं' म्हणतात. पण तो कर्जाच्या रकमेतून राखून ठेवतात, किंवा क्लोजिंगला टायटल कंपनीमार्फत (घराची मालकी तपासून व्यवहार पूर्ण करून देणारी कंपनी) घेतात. इथे खातं भलत्याच नावाचं होतं. "आमचे एस्क्रो पार्टनर" म्हणे, म्हणजे व्यवहाराचे पैसे मध्यस्थ म्हणून सांभाळणारे!

पैसे पोचले आणि फोन बंद. कर्ज मिळालं नाही तर बयाणा परत, अशी अट सौद्यात नव्हती, त्यामुळे बयाण्याचे ३,००० डॉलरही बुडाले. बँकेने वायर परत मागवायचा प्रयत्न केला, तोवर खातं रिकामं. एफबीआयच्या आयसी३ या इंटरनेट गुन्ह्यांच्या तक्रारींसाठीच्या पोर्टलवर तक्रार केली आहे.

अप्रेझलचे (घराची किंमत ठरवण्याचे) पैसे खरे लेंडरही आधी घेतात, तेवढ्याने घाबरू नका. पण दुरुस्तीनंतर घराची किंमत किती होईल, काम कोण करणार, हे या माणसाने एकदाही विचारलं नाही. खऱ्या लेंडरचा सगळा जीव त्यातच असतो. लायसन्स बघूनही भागत नाही, कारण धंद्यासाठीच्या कर्जाला अनेक राज्यांत मॉर्टगेज लायसन्स लागतच नाही. त्यापेक्षा आधी कर्ज दिलेल्या दोन-तीन घरांचे पत्ते मागा आणि काउंटीच्या (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) नोंदींत त्या घरांवर लेंडरच्या नावाचं मॉर्टगेज चढलंय का ते बघा. या नोंदी सार्वजनिक असतात. आम्ही नंतर शोधलं, तर आमच्या काउंटीत त्याच्या कंपनीच्या नावावर एकही नोंद नव्हती.