पंप लावून झोपणाऱ्यांसाठी: लातूरच्या शिवणकामवाल्या ताईंचा कापडी पट्टा

इन्सुलिन पंप (अंगावर लावायची, सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडणारी डबी) घेतला की सेट (पंपापासून कातडीपर्यंतची नळी) कसा बदलायचा, बोलस (जेवणाच्या वेळचा जादा डोस) कसा द्यायचा, कुठला अलार्म कशाचा, हे सगळं नीट शिकवतात. रात्री हा पंप अंगावर नेमका कुठं ठेवायचा, असं विचारलं की उत्तर मिळतं, "कमरेला क्लिप लावा, नाहीतर उशीखाली ठेवा." आता गाऊनला कंबर असते का? साडी सोडून गाऊन घातला की क्लिप लावायला जागाच उरत नाही. म्हणून हे लिहितेय. पंप लावणाऱ्या बायकांनी आणि ज्यांच्या लेकरांना पंप आहे त्या आयांनी हे जरूर वाचावं.

मला शाळेत असल्यापासून टाइप 1 मधुमेह आहे. बरीच वर्षं इंजेक्शनं घेतली, आता मिनिमेड 780जी पंप आहे. साधारण साडेनऊ सेंटिमीटर लांब, पाच रुंद आणि अडीच जाड अशी ही डबी. दिवसा काही वाटत नाही, पण कुशीवर वळलं की बरगडीला टोचते. उशीखाली ठेवली तर त्रास वेगळाच. माझ्या सेटची नळी 60 सेंटिमीटरची आहे. झोपेत वळलं की ती ताणली जाते आणि पोटावरचा सेट सैल होतो. नळीत अडथळा आला तर पंप अलार्म देतो. पण कॅन्युला, म्हणजे सेटचं कातडीत जाणारं बारीक टोक, कातडीतून बाहेर निघाली तर पंपाला ते कळत नाही, तो आपला इन्सुलिन सोडत राहतो आणि ते गाऊनला लागतं. पंपात फक्त जलद काम करणारं इन्सुलिन असतं, लांब पल्ल्याचं काहीच अंगात नसतं. त्यामुळं पुरवठा तुटला की दोन-तीन तासांतच साखर चढायला लागते आणि पहाटेपर्यंत कीटोनची (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणाऱ्या घातक आम्लाची) भीती उभी राहते. म्हणजे रात्रीचा पट्टा ही नुसत्या आरामाची गोष्ट नाही, नळीला ओढ बसू न देणं हे त्याचं पहिलं काम आहे.

आधी ऑनलाइन एक तयार पट्टा मागवला होता. जाड, रबरासारख्या कापडाचा. थंडीत चालून गेला. उन्हाळ्यात त्याच्याखाली घामोळ्या उठल्या, त्याचं वेल्क्रो वाकळीच्या दोऱ्यांत अडकायचं आणि खिसा इतका ढिला की पंप आडवा व्हायचा. वर किंमतही चांगलीच.

औसा रोडच्या बाजूला एका गल्लीत या ताई घराच्या पुढच्या खोलीतच शिवणकाम करतात. ब्लाउज, परकर, फॉल-पिको, शाळेचे ड्रेस. दुकानाची पाटी नाही. माझे ब्लाउज त्यांच्याकडंच असतात, म्हणून एकदा पंप दाखवून विचारलं.

"मॅडम, हे रात्री बी काढायचं नाही व्हय?"

"नाही ताई. आंघोळीपुरतं काढते, तेही लगेच लावते. हेच माझं औषध आहे."

मग त्यांनी मला उभं केलं, बसवलं, आणि चटईवर कुशीवर झोपायला लावून परत टेप लावली. झोपल्यावर पोटाचं माप बदलतं, हे इतक्या वर्षांत माझ्या ध्यानात आलं नव्हतं, त्यांना मात्र लगेच कळलं. होजिअरीचं कापड आणायला सांगितलं. ते गंजगोलाईत कट पीसमध्ये स्वस्तात मिळालं.

पट्टा असा आहे. चार बोटं रुंद होजिअरी, दुहेरी, आणि परकराच्या नेफ्यात नाडी घालावी तसं आत मऊ इलास्टिक. इलास्टिक मागच्या अर्ध्या भागातच आहे, पुढं नुसतं कापड, म्हणून पोटावर वळ उठत नाहीत. वेल्क्रो नाही, हूक नाही. पायातून चढवायचा. खिसा उभा नसून आडवा आहे आणि पंपाच्या मापाला घट्ट आहे. त्याचं तोंड अंगाच्या बाजूनं उघडतं, त्यामुळं पंप घरंगळत नाही आणि आमच्या धाकट्याच्या हाताला बटणंही लागत नाहीत.

खरी कारागिरी आहे ती काजात. नळी खिशातून बाहेर येते तिथं ताईंनी दोन सेंटिमीटरचं काज हातानं केलंय, मशीनवर नाही. मशीनच्या काजाची कड कडक होते, नळी घासते, म्हणाल्या. मऊ धाग्याचे टाके एकाला एक लावून अशी गोल कड भरलीय की बोट फिरवलं तरी खरखर लागत नाही. सेटच्या टोकाची चकती त्यातून अलगद आत-बाहेर जाते. शेजारीच एक छोटा चोरकप्पा आहे. नळीचा जादा वेढा त्यात गुंडाळून ठेवायचा, कुशीवर वळताना लागेल तेवढीच नळी बाहेर येते. हा कप्पा मी सांगितला नव्हता, ताईंनी त्यांच्या मनानं घातला. त्यानंतर रात्री सेट ओढला गेलाय असं झालेलं नाही.

खिशाची बाहेरची बाजू मच्छरदाणीच्या जाळीची. याचं फार महत्त्व आहे. जाड कापडात, वरून पांघरूण घेतलं की पंपाचा आवाज दबतो. जाळीतून बीप स्वच्छ ऐकू येतो, आणि खिशातून न काढता पडद्यावरचा आकडाही दिसतो. अलार्मकडं लक्ष दिलं नाही तर पंप पुढं सायरनसारखा वाजायला लागतो, पण पहिल्याच बीपला जाग आलेली बरी.

पट्ट्यामुळं पंप पाहिजे तिकडं सरकवता येतो, याचा फायदा मला नंतर कळला. साखर मोजणारा सेन्सर दंडावर असतो आणि पंपाशी ब्लूटूथनं बोलतो. सेन्सर डाव्या दंडाला आणि पंप उजव्या कमरेखाली दबलेला असला की मधे सगळं अंग येतं आणि सिग्नल तुटतो. मग मध्यरात्री सेन्सरचा सिग्नल नाही म्हणून अलार्म. आता सेन्सर ज्या बाजूला, त्याच बाजूला पण पोटावर पुढं पंप घेते आणि दुसऱ्या कुशीवर झोपते. सेन्सरवरच झोपलं तरी घोळ होतो. दाबामुळं तिथली साखर खोटीच कमी दिसते, पंपाला वाटतं साखर खरंच उतरतेय, तो इन्सुलिन थांबवतो आणि नंतर साखर वर जाते. रात्री अचानक 60 दाखवलं आणि अंगाला घाम नाही, थरथर नाही, तर मी कूस बदलून बोटाला टोचून बघते. ग्लुकोमीटरही 70 च्या खाली म्हणाला तर मात्र विचार करत बसायचं नाही. 15 ग्रॅम ग्लुकोज घ्यायचं, म्हणजे साधारण तीन चमचे साखर, आणि 15 मिनिटांनी परत तपासायचं. आमच्याकडं उशाशी शेंगदाण्याचा लाडू ठेवायची हौस असते. त्यातल्या तेलामुळं साखर रक्तात उशिरा उतरते, अशा वेळी तो उपयोगाचा नाही.

उन्हाळ्याचं सांगायलाच पाहिजे. सासर औसा तालुक्यात आहे. किल्लारीच्या 1993 च्या भूकंपात दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली, तेव्हापासून आमच्या भागातली माळवदं गेली आणि स्लॅब आले. जीव वाचवणारी घरं आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण मे महिन्यात स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला राहतो आणि त्यात लाइट गेली की सगळं घर गच्चीवर. तिथं हा पट्टा खरा कामाला येतो. होजिअरी घाम पिते, पंप अंगाला राहतो, अंधारात शोधावा लागत नाही. पंप पेन्सिल सेलवर चालतो, लाइटशी त्याचा संबंध नाही. सेल उतरल्याची सूचना दिसली तर झोपायच्या आधीच बदलते. गच्चीवर मोबाइलला रेंज नसते, म्हणून मिस्टरांच्या मोबाइलवर माझे आकडे जातीलच असं नाही. तिथं भरवसा पंपाच्या आवाजावरच, म्हणून आवाज पूर्ण मोठा. सकाळी ऊन अंगावर यायच्या आत खाली उतरते. 37 अंशांच्या वर तापलेलं पंपातलं इन्सुलिन टाकून द्यायला सांगतात, आणि आमच्याकडचं ऊन 40 सहज ओलांडतं.

पट्टा कितीही चांगला असला तरी उशाशी ग्लुकोमीटर, ग्लुकोज, एक जादा सेट आणि इन्सुलिनचं पेन असलंच पाहिजे. साखर विनाकारण 250 च्या वर गेली तर आधी कीटोन तपासायचे, इन्सुलिन पेननं घ्यायचं आणि सेट नवा लावायचा. डोस किती हे आपल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. रात्री दोन वाजता हिशेब सुचत नाही.

आता उणिवा. लग्नसराईत ब्लाउजांचा ढीग असतो, तेव्हा पट्टा वेळेवर मिळत नाही. मला दोनदा हेलपाटा पडला. धुऊन धुऊन इलास्टिक सैल होतं, पण ताई थोडक्यात नवं घालून देतात. जाळी वाकळीला अडकून एका कोपऱ्यात उसवली होती, आता त्या कडेला पट्टी लावून शिवतात. जाळीमुळं पडद्याचा उजेड बाहेर येतो, शेजारी झोपलेल्याला तो टोचू शकतो. आणि पंप उताणं झोपल्यावरही पोटावर जाणवतोच, तो अजिबात कळणार नाही असं कुणी समजू नये.

कापड आपलं असेल तर शिलाईचे 120 रुपये, ताईंचं कापड असेल तर 180. दोन शिवून घ्या, एक धुवायला आणि एक अंगावर. लहान लेकरासाठी खिसा पाठीमागं घालून देतात, पण तेव्हा नळी लांब लागते, 110 सेंटिमीटरची मिळते, ती आधी मागवून ठेवा. पुरुषांसाठीही शिवतात. मापाला जाताना पंप अंगावर लावूनच जा आणि सेटची एखादी वापरलेली नळी सोबत न्या, काज त्याच मापानं करतात. दुपारी एक ते चार त्यांचं मशीन बंद असतं.