माझाच कार्बोरेटर मला नवा म्हणून विकला

मला कळलं ते एका स्क्रूवरून. माझ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या, झाकणाला पाच स्क्रू आहेत. त्यातल्या एकाची खाच कधीकाळी वडिलांच्या हातून घसरून बुजली होती, म्हणून त्यांनी करवतीच्या पात्याने तिला आडवी दुसरी खाच पाडली होती, तीही तिरकी. मिस्त्रीने बसवून दिलेल्या 'कोऱ्या' कार्बोरेटरवर, ताज्या चंदेरी रंगाखाली, तोच तिरका स्क्रू माझ्याकडे बघत होता.

तोवर मी तिसरं बिल भरून मोकळा झालो होतो.

गाडी 1970च्या दशकातली. सकाळी एका सेल्फमध्ये चालू होते, तासभर पळवा, तक्रार नाही. बंद करून लगेच किल्ली फिरवा, चालू. पण कुठे पंधरा-वीस मिनिटं थांबलो आणि परत येऊन बसलो की नुसता सेल्फ फिरतो, गाडी काही उचलत नाही. बॅटरी संपत येईपर्यंत सेल्फ मारायचा, मग वैतागून तासभर थांबायचं, की पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात चालू. जुन्या गाड्यांच्या मालकांपैकी निम्म्यांनी हे भोगलेलं असेल.

माझी फसवणूक याच पंधरा-वीस मिनिटांत लपली होती, म्हणून आधी तेवढं सांगतो. इंजिन चालू असताना पाणी फिरत असतं, पंखा वारा देत असतो, टाकीतून तुलनेने गार पेट्रोल सतत येत असतं. इंजिन बंद केलं की हे सगळं एकदम थांबतं, पण लोखंडातली उष्णता कुठे जाणार? ती वर चढते. बोनेटखालचं तापमान बंद केल्यानंतर कमी होण्याऐवजी काही वेळ वाढतच जातं आणि कार्बोरेटर नेमका मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळकांड्याच्या, डोक्यावर बसलेला. पेट्रोलमधले हलके अंश 35-40 अंशांनाच उकळायला लागतात. कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या (तरंगत्या गोळ्याच्या) भांड्यातलं पेट्रोल खदखदतं, नळीतून थेंब थेंब मॅनिफोल्डमध्ये सांडतं आणि जास्तीच्या पेट्रोलमुळे गाडी चालू होत नाही. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हा त्रास आणखी वाढतो. म्हणजे एका मिनिटात चालू केलं तर गाडी ठीक, दोन तासांनी केलं तरी ठीक. दुखणं दिसतं ते फक्त मधल्या वेळात.

मिस्त्रीला हे पक्कं माहीत होतं. पहिल्यांदा त्याने कॉइल, म्हणजे प्लगच्या ठिणगीसाठी करंट देणारा भाग, बदलली. "साहेब, गरम झाली की कॉइल करंट सोडते," म्हणाला. यात खोटं काही नाही, तसं खरंच होतं. जुन्या कॉइलची आतली तार गरम झाल्यावर तुटक होते, कंडेन्सरही दगा देतो. म्हणून तर मी मान डोलावली. गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्याने माझ्यासमोर दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं, रेस केलं, तापमानाचा काटा वर गेलेला दाखवला, बंद केलं आणि लगेच किल्ली मारली. चालू! तीन वेळा करून दाखवलं. मी खूश. त्या प्रयोगाला काही अर्थ नव्हता, दुखणं घेऊन आलो तेव्हाही गाडी असं केल्यावर चालू होतच होती.

चार दिवसांनी परत तेच. आता निदान बदललं: पंप पेट्रोल ओढत नाही, एअर घेतो. इंजिनावरचा मेकॅनिकल पंप काढला आणि इलेक्ट्रिक बसवला. पुन्हा तीच जत्रा, बंद-चालू, बंद-चालू. या वेळी दुखणं वाढलं आणि गाडीत बसल्यावर पेट्रोलचा वासही येऊ लागला. नंतर गेज लावून पाहिलं तर पंपाचा दाब सात पीएसआय (दाबाचं एकक). अशा कार्बोरेटरला तीन-चार पुरतात. जास्तीचा दाब नीडल व्हॉल्व्हला, म्हणजे भांडं भरलं की पेट्रोल अडवणाऱ्या सुईला, ढकलून भांडं वरपर्यंत भरत होता. आधीच उतू जाणाऱ्या भांड्याला त्याने वरून नळ सोडला होता.

तिसरं निदान म्हणजे 'कार्बोरेटर झिजलाय'. जुना जमा करून घेतो, नवा देतो, थोडं स्वस्त पडेल. दोन दिवसांनी चकचकीत कार्बोरेटर. मला तेव्हाही शंका आली नाही, हे कबूल करतो. शंका आली ती पुढच्या वाक्याने: "अजून त्रास झाला तर हेड उघडावं लागेल, कॉम्प्रेशन कमी वाटतंय." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब, आणि तो मोजायचं गेज त्याने एकदाही लावलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा स्वतः बोनेट उघडलं. गाडी अर्धा तास पळवली, बंद केली आणि एअर फिल्टरचं झाकण काढून टॉर्च मारून बघत बसलो. पहिली काही मिनिटं शांत. मग आतून किटलीसारखी बारीक सुसू ऐकू आली. त्यानंतर नळीच्या टोकाशी एक थेंब जमला, लोंबला, खाली पडला. मग दुसरा. इंजिन बंद, आणि पेट्रोल ठिबकतंय! वीस मिनिटांनी प्लग काढला तर ओला, काळा. पंपाच्या निदानात म्हणे पेट्रोल येत नव्हतं. प्रत्यक्षात नको तेवढं येत होतं. पेट्रोल न आल्याने बंद पडलेल्या गाडीचा प्लग कोरडा निघतो. एवढा एक प्लग त्याने मला काढून दाखवला असता तर पंपाचं बिल झालंच नसतं. करंटही, म्हणजे प्लगची ठिणगी, त्याच गरम अवस्थेत पाहिला, निळा आणि जोरदार. (हे कार्बोरेटरपासून लांब आणि पेट्रोलचा वास पूर्ण गेल्यावरच करा. उघड्या पेट्रोलजवळ ठिणगी पाडण्याचा वेडेपणा नको.)

झाकण हातात असतानाच तो स्क्रू दिसला.

मग खाली वाकून पाहिलं. कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या मध्ये बेकलाइटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक प्लास्टिकचा) बोटभर जाड तुकडा असायचा, उष्णता वर चढू नये म्हणून. तो गायब. त्याच्या जागी कागदाचं पातळ पॅकिंग. काढताना तुटला असेल आणि न सांगता टाकून दिला असेल, मला तरी दुसरं कारण सुचत नाही. म्हणजे तिसऱ्या बिलात माझाच कार्बोरेटर रंगवून मिळाला, आणि वर त्याचं संरक्षण काढून घेतलं गेलं.

खरी दुरुस्ती अगदीच साधी निघाली. नीडल व्हॉल्व्ह नीट बसत नव्हता, तो बदलला. फ्लोटची पातळी ठरलेल्या मापापेक्षा वर होती, ती खाली आणली. पेट्रोलची नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला जवळजवळ चिकटली होती, ती बाजूला घेतली. त्याच जाडीचा बेकलाइटचा तुकडा मिळवून बसवला. आणि गरम गाडी चालू करायची माझी सवयही चुकीची होती: मी ॲक्सिलरेटरचं पॅडल खालीवर मारत होतो, दर वेळी वरून आणखी पेट्रोलची पिचकारी. आता चोक न ओढता पॅडल हळूच तळापर्यंत दाबून धरतो आणि सेल्फ मारतो. जास्तीचं पेट्रोल हवेबरोबर निघून जातं, गाडी थोडी खोकते आणि उचलते.

तुमचं दुखणं वेगळंही असू शकतं. सेल्फच जड फिरत असेल तर कार्बोरेटरला हात लावू देऊ नका. अर्थिंगची पट्टी, केबल, सेल्फ आणि ठिणगीचं टायमिंग आधी बघायला लावा. पण काहीही असो, गाडी ताब्यात घेताना ती गरम करा, बंद करा, बोनेट लावा आणि वीस मिनिटं तिथेच बसा. बोनेट उघडं ठेवू देऊ नका. मिस्त्री घाई करेल, दुसरं गिऱ्हाईक आहे म्हणेल. बसा. आणि गाडी देण्याआधी काढता येणाऱ्या प्रत्येक भागाचे जवळून फोटो घ्या, जुना भाग परत हवा हे बिलावर लिहून घ्या. मी दोन्ही केलं नव्हतं.

मी कार्बोरेटर काढून त्याच्या टेबलावर ठेवला आणि स्क्रूवर बोट ठेवलं. त्याने एकदा स्क्रूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "साहेब, सगळ्या जुन्या स्क्रूंच्या खाचा अशाच असतात." "पण हा तर नवा होता ना?" यावर तो काही बोलला नाही. पैसे मिळाले नाहीत. बराच वेळ उभा राहिल्यावर भंगाराच्या डब्यातून माझा मेकॅनिकल पंप मात्र त्याने काढून दिला. तोच आज इंजिनावर आहे, आणि चालतोय.