पायलटची पदवी : इग्नू की ऑनलाइन?

धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर शिकणारी बरीच पोरं बारावीवरच कॉकपिटकडे निघतात. कमर्शिअल लायसन्सला बारावीचं फिजिक्स-मॅथ्स आणि २०० तासांचं उड्डाण लागतं, पदवीची अट नाही. पण उद्या क्लास वन मेडिकलमध्ये, म्हणजे पायलटला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीत, डोळे किंवा साखर आडवी आली तर? एवढ्यासाठी मी पायलटच्या नोकरीत असताना बी.ए.ला नाव घातलं.

पहिल्यांदा इग्नू, म्हणजे घरून शिकवणारं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. फी खिशाला झेपणारी, तीन वर्षांची पदवी सहा वर्षांपर्यंत ताणता येते. स्वाध्याय (असाइनमेंट) हातानं लिहायचे. ते मी लेओव्हरला, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या मुक्कामात, हॉटेलच्या इस्त्रीच्या टेबलावर लिहिले. घोडं अडलं परीक्षेपाशी. ती जून आणि डिसेंबरमध्ये, तीही केंद्रावर जाऊन द्यायची. एका डिसेंबरात जळगावला पेपर, आईनं भरताची वांगी भाजून ठेवलेली, आणि मी धुक्यामुळे दिल्लीत अडकलेलो. पेपर गेला, भरीतही गेलं!

मग ऑनलाइनकडे वळलो. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असेल तर ही पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीचीच. तेवढं आधी तपासा. लेक्चर कधीही बघा, परीक्षा आपल्याच खोलीतून कॅमेऱ्यासमोर. खासगी विद्यापीठांत फी मात्र चांगलीच जास्त. हॉटेलच्या वायफायवर विसंबू नका, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा.

रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, बेभरवशाचा असेल तर मी ऑनलाइनच म्हणेन. घरी राहून फ्लाइंग क्लबात विमान शिकवणाऱ्यानं जादा पैसे कशाला घालवायचे, त्याला इग्नू पुरे. विश्रांतीच्या तासांत मात्र पुस्तक उघडायचं नाही, पहाटे चारचा रिपोर्टिंग टाइम असतो.